रोहिणीचे गणित



दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पुढे कोणते विषय घ्यायचे? ज्याला डॉक्टर व्हायचे असते तो म्हणतो, "मी जीवशास्त्र घेणार. मला गणिताचे काय काम?" घरातील वडीलधारी मंडळीही मान डोलावतात. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत गणिताचा पेपर नसतो, हे खरे आहे. पण त्यावरून डॉक्टरीला गणित लागत नाही, असा अर्थ काढणे मला पटत नाही.

दुसरे एक वाक्यही आपण नेहमी ऐकतो. "मला काही दुखत नाही, खुपत नाही, मग दवाखान्यात कशाला जाऊ?" दुखत नाही म्हणजे आजार नाही, अशी आपली पक्की समजूत आहे.

माझ्या मते ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत आणि दोन्ही चुका एकाच गणिताने दाखवता येतात. ते गणित आहे रोहिणीचे. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या नळीला मराठीत रोहिणी किंवा धमनी म्हणतात. उर्दूत आपण तिला शिरयान म्हणतो.

रक्त शरीरात फिरते ही गोष्ट आज तुम्हांला साधी वाटेल. पूर्वी ती कोणालाच माहीत नव्हती. ग्रीक वैद्य गॅलेन याने असे सांगितले होते की, हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्रे आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे जाते. हजार वर्षे लोकांनी ते मानले. 13 व्या शतकात दमास्कसजवळ जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-नफीस या हकिमाने ते नाकारले. पडद्याला छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येते, असे त्याने लिहिले. पुढे 1628 मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वेने संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध केले. त्याने अनेक प्रयोग केले, पण त्याचा एक मोठा पुरावा होता साधा गुणाकार!

तो गुणाकार आजच्या आकड्यांनी आपणही करू. हृदयाच्या एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला 70 ठोके धरले तर 70 × 70 = 4,900 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ 5 लिटर. एका तासात हे रक्त 294 लिटर होईल. माणसाचे स्वतःचे वजन 60 किलो असेल, तर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचपट रक्त तासाभरात कोठून येणार? एवढे रक्त अन्नातून रोज नवे तयार होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. पाहा, शरीराचे एवढे मोठे रहस्य उलगडायला गणिताने किती मदत केली!

आता नळीकडे वळू. नळीतून किती रक्त वाहील, हे कशावर अवलंबून असते? झां प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरला हा प्रश्न पडला. रक्त लवकर गोठते, म्हणून त्याने अतिशय बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापे घेतली. 1840 नंतरच्या काही वर्षांत त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. नळीची लांबी दुप्पट केली की प्रवाह निम्मा होतो. पण त्रिज्येची गोष्ट वेगळीच निघाली. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो.

चौथा घात म्हणजे काय, हे तुम्हांला माहीत आहे. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही. ½ × ½ × ½ × ½ = 1/16. तो सोळावा हिस्सा होतो! त्रिज्या फक्त 10 टक्के कमी झाली, तर 0.9 चा चौथा घात करा. उत्तर सुमारे 0.66 येते. म्हणजे दहा टक्क्यांच्या आकुंचनाने प्रवाह एक तृतीयांशाहून अधिक घटतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिण्यांचा व्यास अवघा तीन-चार मिलिमीटर असतो. तिथे केसाएवढी जागाही किती मोलाची, हे यावरून समजते.

नळीतून वाहणारा प्रवाह ही आपल्या शहराला नवी गोष्ट नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे नहरींचे शहर आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये येथे खडकी हे नगर वसवले आणि पुढे नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून शहरात आणले. पाणचक्कीला तर तुम्ही गेलाच असाल. तिथे दुरून आलेले पाणी खापरी नळांतून उंच भिंतीवर चढते आणि हौदात कोसळते. त्या काळी ना पंप होता, ना वीज. उतार आणि दाब यांचा नेमका हिशेब एवढेच कारागिरांचे भांडवल होते.

त्या कारागिरांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. नळ आज वाहतो म्हणून उद्या वाहीलच असे नाही. म्हणून त्यांनी नहरीवर ठिकठिकाणी आत उतरून पाहण्याची सोय ठेवली. जोवर देखभाल होती तोवर पाणी वाहिले. पुढे देखभाल सुटली. कुठे गाळ साचला, कुठे झाडांची मुळे शिरली, कुठे वर बांधकामे झाली आणि नहरींचे बरेच भाग कोरडे पडले.

आपल्या रोहिणीला मात्र अशी आत उतरून पाहण्याची जागा नाही. तिथे गणित हीच आपली खिडकी आहे.

या खिडकीला शास्त्रज्ञ 'गणिती प्रतिमान' म्हणतात. शब्द मोठा आहे, पण कल्पना सोपी आहे. नकाशात गावातले प्रत्येक झाड नसते. रस्ते, नदी, वळणे एवढेच असते. तरी नकाशा पाहून वाट सापडते. तसेच एखाद्या गोष्टीतील महत्त्वाच्या बाबी निवडायच्या, त्यांचे परस्परसंबंध समीकरणांत मांडायचे आणि पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा. हेच प्रतिमान.

प्वाझयचे सूत्र हे असेच एक प्रतिमान आहे. पण ते सरळ, लांब, ताठ नळीसाठी आणि एकसारख्या वाहणाऱ्या द्रवासाठी आहे. आपली रोहिणी तशी नाही. ती वळते, तिला फाटे फुटतात, प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि आकसते. रक्तही पाण्यासारखे नसते. त्यात असंख्य पेशी असतात आणि संथ झाले की ते अधिक दाटपणे वागते. म्हणून शास्त्रज्ञ आता अधिक अवघड समीकरणे वापरतात. नाविए या फ्रेंच अभियंत्याने 1822 मध्ये आणि स्टोक्स या गणितज्ञाने 1845 मध्ये द्रवाच्या गतीची जी समीकरणे मांडली, त्यांच्यावर ती आधारलेली आहेत. ती हाताने सुटत नाहीत. त्यांना संगणक लागतो.

या गणिताने एक जुने कोडे उलगडायला मदत केली. रोहिणीच्या भिंतीत चरबीयुक्त गाठी तयार होतात. त्यांना 'प्लाक' म्हणतात. कोलेस्टेरॉल रक्तात सगळीकडे असते. मग प्लाक ठरावीक ठिकाणीच का वाढतो? फाट्यांजवळ आणि वळणांवरच तो जास्त का आढळतो? शेतातील पाट आठवा. पाणी जिथे जोरात धावते तिथे तळ स्वच्छ राहतो, जिथे ते संथ होऊन घुटमळते तिथे गाळ बसतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील कॉलिन कॅरो आणि त्यांचे सहकारी यांनी 1969 मध्ये असाच विचार मांडला. रोहिणीच्या भिंतीला रक्ताचे घर्षण जिथे कमी मिळते, तिथेच आजाराची सुरुवात दिसते, असे त्यांनी दाखवले. त्यापूर्वी अनेकांना उलटे वाटत होते. जोराचा प्रवाह भिंतीला इजा करतो, असा समज होता.

मात्र एक सावधगिरी बाळगा. गाळाची उपमा सोयीची असली तरी पूर्ण खरी नाही. गाळ नळाच्या आतल्या पृष्ठभागावर बसतो. प्लाक मात्र भिंतीच्या आत वाढतो. रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल भिंतीच्या आतल्या थरात शिरते. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात. त्या चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच अडकून पडतात. त्यांच्यावर तंतूंचे एक झाकण तयार होते.

गणिताच्या पुस्तकात तुम्ही हौदाचे उदाहरण सोडवले असेल. एक नळ हौद भरतो, दुसरा नळ रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? प्लाकच्या वाढीचे समीकरण मुळात याच जातीचे आहे. रोज किती कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, किती बाहेर नेले जाते, किती पेशी येतात आणि किती मरतात? आवक आणि जावक यांतला फरक रोज अगदी थोडा असतो. पण थेंबे थेंबे तळे साचे! वीस-तीस वर्षांत तो फरक जिवावर बेतू शकतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. त्रिज्या थोडी कमी झाली तरी प्रवाह एवढा घटतो, तर माणसाला ते लगेच का कळत नाही?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण 1987 मध्ये अमेरिकेतील सेमूर ग्लॅगोव्ह यांनी दाखवले. प्लाक वाढू लागला की रोहिणी स्वतः बाहेरच्या बाजूने रुंद होते आणि आतला रस्ता मोकळा ठेवते. प्लाकने सुमारे 40 टक्के जागा व्यापेपर्यंत ती हे करू शकते. म्हणजे आजार वाढत असतो, पण रस्ता अजून अरुंद झालेला नसतो.

दुसरे कारण म्हणजे शरीराची शिल्लक. मोठी रोहिणी अरुंद झाली की तिच्या पुढच्या सूक्ष्म वाहिन्या रुंद होतात आणि प्रवाह सांभाळून घेतात. लान्स गुल्ड यांनी 1974 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत हे मोजले. रोहिणीचा व्यास 30 ते 45 टक्के घटला की जास्तीत जास्त प्रवाह कमी होऊ लागतो. पण विश्रांतीच्या वेळचा प्रवाह व्यास सुमारे 85 टक्के घटेपर्यंत टिकून राहतो. म्हणजे खाटेवर बसलेल्या माणसाला काहीच जाणवत नाही. जिना चढताना मात्र छाती भरून येते. घरखर्च साठवलेल्या पैशांतून चालू असतो, म्हणून घरात कोणाला टंचाई जाणवत नाही. जाणवते तेव्हा गल्ला रिकामा झालेला असतो.

काहींना तर जिना चढतानाही काही होत नाही. त्यांचा प्लाक लहान असतो, पण त्याचे झाकण पातळ असते. एके दिवशी ते फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि रस्ता एकदम बंद पडतो. असा झटका आधी कोणतीही सूचना देत नाही.

म्हणून मी म्हणतो, दुखत नाही ही निरोगी असल्याची खूण नाही. दुखणे हा या आजाराचा शेवटी येणारा निरोप आहे. त्याची वाट पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

"पण हा तर म्हाताऱ्यांचा आजार, आम्हांला त्याचे काय?" असे तुम्ही विचाराल. 1953 मध्ये कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय 22 वर्षे होते. त्यांपैकी 77 टक्के जवानांच्या हृदयाच्या रोहिण्यांत या आजाराच्या खुणा सापडल्या. ते सारे धडधाकट तरुण होते. आपल्या उपखंडाची स्थिती अधिक काळजीची आहे. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो. इतर देशांत हेच वय सुमारे 59 आहे. म्हणजे आपल्याकडे सहा वर्षे आधी! घरातील कमावता माणूस सहा वर्षे आधी आजारी पडला तर मुलांच्या शिक्षणाचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

आता गणिताचा दुसरा उपयोग पाहा. अँजिओग्राफीच्या अहवालात लिहिलेले असते, "70 टक्के ब्लॉकेज." घरचे लोक घाबरतात. पण 70 टक्के कशाचे? व्यासाचे की क्षेत्रफळाचे? वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. व्यास 50 टक्के घटला तर क्षेत्रफळ 75 टक्के घटते. व्यास 70 टक्के घटला तर क्षेत्रफळ 91 टक्के घटते. एकाच रोहिणीबद्दल दोन आकडे सांगता येतात आणि दोन्ही खरे असतात. आठवी-नववीच्या गणितावर हे समजते. ज्याला समजते तो डॉक्टरांना नम्रपणे योग्य प्रश्न विचारू शकतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रस्ता किती अरुंद आहे यापेक्षा त्यातून प्रवाह किती जातो, हे पाहणे. त्यासाठी एक तपासणी आहे. बारीक तारेच्या टोकाला दाबमापक बसवून ती रोहिणीत नेतात आणि प्रवाह वाढवणारे औषध देतात. मग अडथळ्याच्या पुढचा दाब भागिले मागचा दाब, असे गुणोत्तर काढतात. ते 0.80 किंवा त्याहून कमी आले तर अडथळा खरोखर त्रासदायक समजतात. 2009 मध्ये 1,005 रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना नुसते चित्र पाहून स्टेंट बसवले आणि निम्म्यांना हे गुणोत्तर मोजून. पहिल्या गटात प्रत्येकी सरासरी 2.7 स्टेंट लागले, दुसऱ्यात 1.9. वर्षभरात मृत्यू, झटका किंवा पुन्हा शस्त्रक्रिया असे प्रसंग पहिल्या गटात 18.3 टक्के रुग्णांवर आले, दुसऱ्यात 13.2 टक्के. म्हणजे एका भागाकाराने स्टेंटही वाचले आणि माणसेही अधिक सुखरूप राहिली.

गरीब घराला याचे मोल अधिक आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटची किंमत कर वगळून 29,600 रुपये आणि साध्या स्टेंटची 7,260 रुपये ठरवली. पुढे त्यांत थोडे बदल होत राहिले. किंमत उतरली तरी अनावश्यक स्टेंट हा अनावश्यकच! तो स्वस्त झाला म्हणून योग्य ठरत नाही.

आता तारही न घालता हे गुणोत्तर काढण्याची पद्धत निघाली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम केलेले चार्ल्स टेलर यांनी ती पुढे आणली. सीटी स्कॅनच्या चित्रांवरून संगणक त्या रुग्णाच्याच रोहिण्यांची आकृती तयार करतो आणि त्यांत प्रवाहाची समीकरणे सोडवतो. 2014 मध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली. इथे डॉक्टर, अभियंता आणि गणितज्ञ एकाच रुग्णासाठी काम करतात.

काही जण म्हणतील, "माणूस म्हणजे समीकरण नव्हे. अनुभवी डॉक्टरांची नजर हीच खरी." यात तथ्य आहे. प्रतिमानात जे आपण घातले नाही ते त्यातून बाहेर येणार नाही. नकाशा कितीही चांगला असला तरी तो म्हणजे गाव नव्हे. पण नकाशा असताना तो घडी घालून ठेवणे हेही शहाणपण नाही. अनुभव आणि मोजमाप हे एकमेकांचे शत्रू नाहीत. आणि हेही लक्षात ठेवा, की छातीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, श्वास कोंडला, तर ती वेळ हिशेब करण्याची नसते. त्या क्षणी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात नेले पाहिजे. त्या वेळी बंद पडलेली रोहिणी लवकर उघडणे म्हणजेच प्राण वाचवणे.

आपल्या हातात काय आहे? 2004 मध्ये 52 देशांतील एका मोठ्या अभ्यासाने सांगितले की, पहिल्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे 90 टक्के धोका नऊ गोष्टींशी निगडित आहे. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या कमी खाणे, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान. यांतील बऱ्याच गोष्टींना आत्तापासून आळा घालता येतो. हौदाचा भरणारा नळ थोडा आवळला आणि रोज थोडा आवळला, तर हौद भरायला कितीतरी अधिक वर्षे लागतील. गुटख्याची पहिली पुडी नाकारणारा मुलगा आणि रोज अर्धा तास मैदानावर धावणारी मुलगी हेच गणित सोडवत असतात.

म्हणून माझे तुम्हांला दोन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, जीवशास्त्र जरूर घ्या, पण गणिताला निरोप देण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. ज्यांना गणित आवडते, त्यांनी हेही जाणावे की समीकरणे सोडवणारा माणूसही रुग्णाचे प्राण वाचवू शकतो. दुसरी, आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना आणि दादा-दादींना विचारा, "तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? आकडा किती होता?" उत्तर मिळाले तर वहीत तारीख घालून लिहून ठेवा. "आठवत नाही" असे उत्तर आले, तर याच आठवड्यात त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन जा. ते म्हणतील, "मला काही होत नाही." त्या वेळी त्यांना ½ चा चौथा घात करून दाखवा.